ओटीटीची वर्गणी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रं ओटीटीबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. दर आणि ॲपमधल्या मेनूंची नावं बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी ॲपमध्ये एकदा खात्री करून घ्यावी.

प्रश्न : वर्षाचे पैसे एकदम भरले. नंतर बघू म्हणून यादीत ठेवलेले काही चित्रपट दोन महिन्यांत दिसेनासे झाले. एका इंग्रजी मालिकेचे तर सगळे भाग आता दुसऱ्याच ॲपवर आहेत. पैसे घेतल्यावर असं करता येतं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : येतं, आणि वर्गणी भरताना आपण जे नियम मान्य करतो त्यांत ते लिहिलेलं असतं. वर्गणीने कुठलाही चित्रपट तुमच्या मालकीचा होत नाही. त्या काळात ॲपवर जे असेल ते पाहण्याची परवानगी तेवढी मिळते. ॲपवरचा बराच माल भाड्याचा असतो. निर्माता किंवा स्टुडिओ ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक देशासाठी आणि पुष्कळदा ठरावीक भाषेसाठी हक्क देतो. मुदत संपली आणि नवा करार झाला नाही की चित्रपट निघतो. म्हणूनच कधी मूळ चित्रपट राहतो आणि डब केलेली आवृत्ती तेवढी जाते.

तुमच्या इंग्रजी मालिकेसारखा प्रकार २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर घडला. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका ३१ मार्चला हॉटस्टारवरून उतरल्या आणि जिओसिनेमाकडे गेल्या. पुढे १४ फेब्रुवारी २०२५ ला ही दोन्ही ॲप एक होऊन जिओहॉटस्टार आलं. मधल्या काळात ज्यांनी फक्त या मालिकांसाठी एकाची वर्षाची वर्गणी भरली होती, त्यांना दुसऱ्याचीही भरावी लागली.

‘ओरिजिनल’ असा शिक्का असला म्हणजे माल कायमचा, असंही समजू नका. काही मालिका ॲपने स्वतः बनवलेल्या असतात, तर काहींचे फक्त आपल्या देशातले हक्क घेऊन त्यांवर तो शिक्का मारलेला असतो. आणि स्वतः बनवलेलंही काढून टाकलं जातं. मे २०२३ मध्ये डिस्नेने खर्च कमी करण्यासाठी स्वतःच्याच अनेक मालिका आणि चित्रपट ॲपवरून उतरवले.

मग करायचं काय? वर्षाची वर्गणी फक्त त्याच ॲपची भरा, जे घरात जवळजवळ रोज लागतं. बाकीची ॲप महिन्यापुरती घ्या, ठरवलेलं पाहून संपवा आणि बंद करा. हवी ती मालिका पूर्ण आल्यावरच महिना सुरू करा. आठवड्याला एक भाग या पद्धतीने येणाऱ्या आठ भागांच्या मालिकेसाठी पहिल्याच दिवशी पैसे भरले, तर दोन महिने भरावे लागतात. शेवटच्या भागाच्या दिवशी घेतलं तर एका महिन्यात काम होतं. कुठला चित्रपट सध्या कुठे आहे हे पाहायला ‘जस्टवॉच’ ही साइट उपयोगी आहे. तिथे देश भारत असा निवडा, नाहीतर अमेरिकेची माहिती दिसेल. पुष्कळ चित्रपटांच्या पानावर पाहण्याचा शेवटचा दिवस आधी दिलेला असतो. यादी अधूनमधून उघडून तो पाहत जा. डाउनलोड करून ठेवण्यावर मात्र विसंबू नका. हक्क संपले की फोनमध्ये उतरवलेली फाइलही उघडत नाही.

नव्या हिंदी चित्रपटासाठी घाईने वर्गणी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या चित्रपटगृह आणि ओटीटी यांच्यात आठ आठवड्यांचं अंतर मागतात. प्रदर्शनाच्या तारखेत दोन महिने मिळवा, साधारण अंदाज येतो.

प्रश्न : ४३ इंची ४के टीव्ही आहे, नेटफ्लिक्सचा सगळ्यात वरचा प्लॅन आहे, इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे. तरीही चित्र धूसर. नव्या मोबाइलवर तर नेहमीच धूसर. दोष कुणाचा? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोष बहुधा एका ठिकाणी नसतो, त्यामुळे क्रमाने तपासायला हवं.

आधी चित्र तुमच्यापर्यंत कसं येतं ते समजून घ्या. चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रतींत तयार असतो. आधीचे तुकडे किती वेगाने आले हे पाहून ॲप पुढच्या तुकड्याची प्रत ठरवतं. म्हणून सुरुवातीला काही क्षण चित्र धूसर असणं आणि मग स्वच्छ होणं हे ठीक आहे. दहा मिनिटांनीही धूसर असेल तर कारण शोधायला हवं.

पहिली तपासणी प्लॅनची. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतात दर उतरवून मोबाइल १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये महिना असे केले. १४९ मध्ये ४८०पी, १९९ मध्ये ७२०पी, ४९९ मध्ये १०८०पी आणि ६४९ मध्ये ४के मिळतं. ‘पी’आधीचा आकडा जितका मोठा तितकं चित्र स्वच्छ, आणि ४के या सगळ्यांच्या वर. तुमचा प्लॅन वरचा आहे, पण चित्रपटच ४के मध्ये उपलब्ध आहे का ते पाहा. जुने चित्रपट पुष्कळदा नसतात.

दुसरी तपासणी टीव्हीपर्यंत पोचणाऱ्या वेगाची. ४के साठी १५ एमबीपीएस आणि १०८०पी साठी ५ एमबीपीएस स्थिर वेग पुरतो, म्हणजे १०० भरपूर झाले. पण राउटरशेजारी फोनवर मोजलेला वेग दोन भिंतींपलीकडच्या टीव्हीला मिळतोच असं नाही. टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये ‘फास्ट डॉट कॉम’ उघडून मोजा. टीव्ही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल तर ५ गिगाहर्ट्झवर न्या. भिंती आड येत असतील तर सरळ लॅनची वायर ओढा. पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्याने बिघडत नाही.

तिसरी तपासणी जोडणीची, आणि इथेच पुष्कळांचं अडतं. टीव्हीला ॲप चालवणारी स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स लावला असेल तर ४के साठी एचडीएमआयच्या वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला एचडीसीपी २.२ हे संरक्षण समजावं लागतं. मध्ये जुना साउंडबार, ॲम्प्लिफायर किंवा स्प्लिटर असला की ॲप गुपचूप दर्जा उतरवतं किंवा पडदा काळा करतं. मधलं सगळं काढून स्टिक थेट टीव्हीला लावून पाहा. काही टीव्हींचा एकच पोर्ट पूर्ण ४के घेतो आणि तोही सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

मोबाइलचं कारण वेगळं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘वाइडवाइन’ नावाची चोरीविरोधी यंत्रणा असते. तिची एल१ पातळी असेल तर एचडी मिळतं. एल३ असेल तर फोन कितीही महाग आणि प्लॅन कितीही वरचा असला तरी साधारण ४८०पी वरच अडकतो. नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडलं की पातळी दिसते. फोन रूट केला किंवा बूटलोडर उघडला, म्हणजे त्याच्या मूळ सॉफ्टवेअरचं कुलूप काढलं, तर एल१ ची एल३ होऊ शकते. आतला मुख्य बोर्ड बदलून आलेल्या फोनमध्येही असं होतं. ती दुरुस्ती घरी होत नाही, कंपनीच्या सेवा केंद्रातच जावं लागतं. जुना फोन विकत घेताना हे आधी तपासा. सेटिंगमधला ‘डेटा सेव्हर’ चालू राहिलेला नाही ना, तेही पाहा.

प्रश्न : रोज दीड जीबी डेटा मिळतो. गावात वायफाय नाही. किती बघता येईल? – एक वाचक, ता. आटपाडी

उत्तर : कमी दर्जावर तासाला साधारण ०.३ जीबी लागतो, म्हणजे पाच तास. मध्यम दर्जावर ०.७ जीबी, म्हणजे दोन तासांहून थोडं जास्त. एचडीवर तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे अर्ध्या तासात पॅक संपेल. ‘ऑटो’ ठेवलं तर रेंज चांगली असताना ॲप वरचा दर्जा उचलतं आणि डेटा झरकन जातो. म्हणून दर्जा हाताने ‘लो’ किंवा ‘डेटा सेव्हर’वर ठेवा. सहा इंची पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची आणि मेनूत झलक चालण्याची सोय, दोन्ही बंद करा. तालुक्याला वायफाय मिळत असेल तर तिथे उतरवून आणा. फक्त हे लक्षात ठेवा की उतरवलेलं बहुधा ठरावीक दिवसच टिकतं आणि काही चित्रपट एकदा चालू केले की ४८ तासांत बंद होतात.

प्रश्न : फोनमधून ॲप काढून टाकलं, तरी दर महिन्याला पैसे कापले जातात. बँकेत गेलो तर ते म्हणतात कंपनीला विचारा. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. वर्गणी खात्याला जोडलेली असते, ॲपला नाही. पैसे चार वाटांनी जाऊ शकतात आणि बंद करण्याची जागा प्रत्येक वाटेची वेगळी आहे.

थेट कंपनीच्या साइटवर भरले असतील तर तिथल्या खात्यात जाऊन ‘कॅन्सल मेंबरशिप’ करा. प्ले स्टोअरमार्फत गेले असतील तर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टिचकी मारा. तिथे ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ आणि त्यात ‘सबस्क्रिप्शन्स’ आहे. आयफोनवर सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर जा, तिथे ‘सबस्क्रिप्शन्स’ दिसेल. आणि मोबाइल रिचार्ज किंवा ब्रॉडबँडबरोबर आलं असेल तर ते त्या पॅकबरोबरच संपतं, बदल टेलिकॉम कंपनीकडेच होतो. कुठल्या वाटेने गेलं हे कळत नसेल तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे कुणाच्या नावावर गेले ते वाचा. बहुधा तिथेच उलगडा होतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कंपनीकडे वर्गणी रद्द करा, रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा आणि मग यूपीआय ॲपच्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन आपोआप पैसे कापण्याची परवानगी काढा. फक्त परवानगी काढली आणि वर्गणी तशीच ठेवली, तर खात्यात साठवलेल्या दुसऱ्या कार्डावरून पैसे घेण्याचा प्रयत्न होऊ शकतो. रद्द केल्यावर भरलेली मुदत संपेपर्यंत पाहता येतं. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघत बसू नका. महिना सुरू केला त्याच दिवशी रद्द करून ठेवलं तरी बहुतेक ठिकाणी महिनाभर पाहता येतं. मोफत चाचणी किंवा सवलतीचा पहिला महिना मात्र काही कंपन्या लगेच तोडतात, तेवढं वाचून घ्या.

तुमच्या बाजूने नियमही आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप पैसे कापण्याची परवानगी पहिल्यांदा ओटीपीसारख्या जादा पडताळणीने द्यावी लागते आणि प्रत्येक कापणीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. त्या सूचनेतच नकार देण्याची सोय असते. जून २०२२ मध्ये ओटीपीशिवाय कापण्याची मर्यादा ५,००० वरून १५,००० रुपये केली गेली, म्हणजे ओटीटीची कुठलीही सर्वसाधारण वर्गणी या मर्यादेच्या आतच बसते. म्हणूनच ती सूचना जाहिरात समजून पुसून टाकू नका.

रद्द करायचं बटणच सापडत नसेल किंवा पुन्हा पुन्हा फिरवत असतील, तर तीही तक्रार होऊ शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. वर्गणीतून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं हा त्यांतला एक प्रकार आहे. पडद्यांचे फोटो काढा, कंपनीला लेखी कळवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

प्रश्न : मुलगा पुण्यात, आम्ही साताऱ्यात. त्याचंच खातं आमच्या टीव्हीवर होतं. आता ‘हा टीव्ही तुमच्या घरातला नाही’ असं येतं. – एक वाचक, सातारा

उत्तर : नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात हा नियम लागू केला. एक खातं म्हणजे एक घर. टीव्ही कुठल्या इंटरनेट जोडणीवर आहे आणि त्यावर खातं कसं वापरलं जातं यावरून घर ठरवलं जातं. प्रवासात असल्यासारखा तात्पुरता कोड मागवता येतो, पण तो कायमचा उपाय नाही. तुम्हाला स्वतंत्र खातं घ्यावं लागेल. आधीची आवडनिवड आणि यादी जाऊ नये म्हणून मुलाच्या खात्यातून तुमचं प्रोफाइल ‘ट्रान्सफर’ करून घ्या. साताऱ्यात टीव्ही लहान असेल तर १९९ चा प्लॅन पुरेल. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर घराची अट अशी नाही, पण एका खात्यावर किती उपकरणं आणि त्यांत किती टीव्ही यांवर मर्यादा आहे. जुने फोन आणि टीव्ही खात्याच्या यादीतून काढून टाकलेत तर जागा होते.

प्रश्न : पैसे भरूनही जाहिराती का? मग केबल काय वाईट होती? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण कंपन्यांचं गणित २०२२ मध्ये बदललं. त्याआधी बाजार फक्त ग्राहकसंख्या मोजत होता. तोटा झाला तरी चालेल, माणसं वाढवा, असा तो काळ होता. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे दोन लाख आणि दुसऱ्या तिमाहीत जवळजवळ दहा लाख ग्राहक घटले आणि गुंतवणूकदार नफ्याबद्दल विचारू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्सने अमेरिकेसह १२ देशांत जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आणला. भारतात प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे, असा दर ठेवला गेला. म्हणजे आधीच्या वर्गणीत जे मिळत होतं त्यासाठी वरून पैसे. ग्राहकाच्या दृष्टीने ही दरवाढच आहे आणि ती तशीच मोजावी.

घेताना ‘ॲड-फ्री’ या शब्दाखालची बारीक अक्षरं वाचा. थेट सामन्यांत सगळ्यात वरच्या प्लॅनलाही जाहिराती येतात. ब्रॉडबँड किंवा रिचार्जबरोबर ‘मोफत’ मिळणारा प्लॅन पुष्कळदा जाहिरातींचा किंवा फक्त मोबाइलवर चालणारा असतो. टीव्हीवर चालेल का हे विचारल्याशिवाय त्याची किंमत धरू नका. केबलशी तुलना केलीत, तर एक मोठा फरक अजून तुमच्या बाजूने आहे. ओटीटी महिन्याला बंद करता येतं, त्यासाठी बॉक्स परत करायला किंवा कुणाला फोन करायला लागत नाही. हा फरक वापरलात तरच त्याला अर्थ आहे.

प्रश्न : सगळीकडे गुन्हे, खून आणि पोलीस. मराठीत तर नवं काही दिसतच नाही. बंगाली, मल्याळी लोकांना इतकं मिळतं, मग आपल्यालाच का नाही? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण ‘मराठी माणूस बघत नाही’ एवढं म्हणून तो नेहमी उडवला जातो.

आधी गुन्हेकथांबद्दल. नेटफ्लिक्स १९९७ मध्ये टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्यासाठी सुरू झालं आणि २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवू लागलं. तेव्हा सगळा माल इतरांचा होता. स्टुडिओ एक दिवस आपापली ॲप काढतील आणि आपला माल परत नेतील, हे ओळखून फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्या मोठ्या मालिकेचे सगळे १३ भाग एका दिवशी टाकले. भारतात नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आणि प्राइम व्हिडिओ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं. मधल्या सप्टेंबरमध्ये जिओ सुरू होऊन डेटा स्वस्त झाला होता. सगळे भाग एकदम बघायला मिळणार असतील तर प्रत्येक भागाच्या शेवटी पुढचा भाग लावायला भाग पाडणारी कथा लागते. तपासकथा ते काम सगळ्यात सहज करते. शिवाय ती डब करून इतर भाषांत चालते. विनोद आणि बोलीभाषा तशी चालत नाही, आणि मराठीचं बळ नेमकं तिथेच आहे.

आता पैशांचा भाग. ॲप एखादी मालिका घेताना दोन गोष्टी पाहतं : तिच्यामुळे नवा ग्राहक येईल का, आणि असलेला ग्राहक टिकेल का. तमिळ, मल्याळी किंवा बंगाली प्रेक्षकांतले पुष्कळ जण हिंदी मालिकांसाठी वर्गणी भरत नाहीत, त्यांच्या भाषेत दिलं तरच येतात. मराठी घर मात्र हिंदी चित्रपट आणि क्रिकेटसाठी वर्गणी आधीच भरून बसलेलं असतं. त्यामुळे मराठी मालिकेवर केलेल्या खर्चातून नवा ग्राहक आला असं हिशेबात दिसत नाही. हिंदी कळणं हा आपला फायदा आहे, पण या व्यवहारात तो आपल्या भाषेच्या विरुद्ध जातो. आमच्या मते खरी अडचण ही आहे, प्रेक्षकांची उदासीनता नव्हे.

म्हणूनच बंगालीत ‘होईचोई’ (२०१७) आणि तेलुगूत ‘आहा’ (२०२०) ही एका भाषेची ॲप उभी राहिली. होईचोईला बांगलादेश आणि परदेशातला बंगाली प्रेक्षकही मिळाला. मराठीत ‘प्लॅनेट मराठी’चं ॲप २०२१ मध्ये आलं. एका भाषेच्या ॲपची मुख्य अडचण ही की, दर महिन्याला नवं काही आलं नाही तर ग्राहक लगेच वर्गणी थांबवतो. नवं बनवायला पैसे तर त्याच वर्गणीतून यायचे असतात.

इतरत्र यावर काय उपाय झाले? युरोपीय संघाने २०१८ च्या निर्देशाने ओटीटीच्या संग्रहात किमान ३० टक्के युरोपीय निर्मिती असण्याची अट घातली. आपल्याकडे भाषेसाठी तशी अट नाही. केरळ सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘सी स्पेस’ हे स्वतःचं ॲप काढलं. तिथे महिन्याची वर्गणी नसून दर चित्रपटामागे पैसे घेण्याची पद्धत ठेवली, म्हणजे नवा मल्याळी चित्रपट पाहणाऱ्याचा रुपया थेट त्या चित्रपटाच्या नावावर जमा होतो. छोट्या मराठी चित्रपटांना हा मार्ग वर्गणीपेक्षा जास्त मानवेल, असं आम्हाला वाटतं. प्रसारभारतीचं ‘वेव्हज’ २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू झालं. दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांची गोडी असलेल्यांनी ते जरूर उघडून पाहावं.

सध्या मराठी कुठे शोधायचं? वाहिन्यांच्या मालिका त्या त्या कंपनीच्या ॲपवर असतात : झी मराठी झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. एमएक्स प्लेयरने मराठीत वेबमालिका आधीच केल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ॲमेझॉनने घेतलं आणि ते जाहिरातींवर मोफत चालतं. नेटफ्लिक्स आणि प्राइमवर पहिल्या पानाच्या भरवशावर राहू नका, शोधात भाषेचं नाव टाका.

आणि तुमच्या हातात एक गोष्ट आहे. ही ॲप मोजमाप करतात. नेटफ्लिक्स तर पाहिलेले एकूण तास भागिले मालिकेची लांबी, असा ‘व्ह्यूज’चा आकडा जाहीर करतं. दहा मिनिटं पाहून सोडलेल्या मालिकेचा या हिशेबात फार थोडा वाटा पडतो. म्हणून मराठी मालिका आवडली तर शेवटपर्यंत पाहा, ती आली त्याच दिवसांत पाहा आणि पायरसीच्या टेलिग्राम गटावर पाहू नका. तिथले तास कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. घरात मराठीसाठी वेगळं प्रोफाइल ठेवा. एकाच प्रोफाइलवर सगळं पाहिलं तर हिंदीच्या गर्दीत मराठीची आवड ॲपला दिसत नाही आणि पुढचा मराठी चित्रपट तुमच्यासमोर येत नाही.

प्रश्न : आठ वर्षांचा नातू रिमोट घेऊन काहीही लावतो. कुलूप कसं घालायचं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए यांपैकी एक वर्ग दाखवावा लागतो, आणि १३+ व त्यावरच्या वर्गांसाठी पालकांना कुलूप घालण्याची सोय द्यावी लागते. हे वर्गीकरण ॲप स्वतः करतं, सेन्सॉर बोर्ड नाही. त्यामुळे दोन ॲपवर सारख्याच दृश्यांना वेगवेगळा वर्ग मिळालेला दिसू शकतो.

नातवासाठी ‘किड्स’ प्रोफाइल करा आणि त्याची मर्यादा ७+ वर ठेवा. इथे थांबलात तर उपयोग नाही. तो शेजारच्या तुमच्या प्रोफाइलवर जाईल. म्हणून मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला चार अंकी पिन घाला. हे बहुधा फोन किंवा संगणकावरून खात्याच्या पानावर करावं लागतं, टीव्हीवरून नेहमीच होत नाही. जन्मसाल किंवा १२३४ ठेवू नका. नवं प्रोफाइल तयार करायलाही पिन लागेल असं सेटिंग असेल तर तेही चालू करा, कारण मुलं नवं प्रोफाइल काढून वाट शोधतात. दर ॲपला हे वेगळं करावं लागतं. टीव्हीतलं यूट्यूब या सगळ्याबाहेर आहे, त्याला स्वतंत्र कुलूप घाला. आठवड्यातून एकदा ‘पाहिलेले’ ही यादी नजरेखालून घाला.

वर्ग चुकीचा वाटला तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि पत्ता साइटवर असतो. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर कंपन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. कार्यक्रमाचं नाव, भाग, मिनिट आणि आक्षेप एवढं नेमकं लिहिलेल्या तक्रारीला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : सामना बघताना शेजारचे आधी ओरडतात, आमच्याकडे विकेट नंतर पडते. इंटरनेट वेगवान करून फायदा होईल? – एक वाचक, पनवेल

उत्तर : फारसा नाही. शेजाऱ्यांकडे डिश किंवा केबल असेल. ओटीटीवर थेट चित्राचे तुकडे करायचे, प्रत्येकाच्या अनेक प्रती बनवायच्या, त्या देशभरातल्या सर्व्हरवर पोचवायच्या, आणि चित्र अडकू नये म्हणून ॲपने काही तुकडे आधी साठवायचे, यात अर्धा मिनिट सहज मागे पडतं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढ्या भारात चित्र चालू राहणं महत्त्वाचं मानलं जातं, काही सेकंद आधी पोचणं नाही. सामना मध्येच थांबवला किंवा चित्र अडकलं की मागे पडणं आणखी वाढतं. अशा वेळी ‘लाइव्ह’ बटण दाबा किंवा ॲप बंद करून परत उघडा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. भारतात भरलेली वर्गणी इथे का चालत नाही? व्हीपीएन वापरावं का? – एक वाचक, एडिसन

उत्तर : हक्क देशानुसार विकले जातात. हॉटस्टारची अमेरिकेतली स्वतंत्र सेवा २०२२ च्या अखेरीस बंद होऊन तिथला बराच माल हुलू या अमेरिकी ॲपवर गेला. झी५ जून २०२१ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. मराठी वाहिनीच्या मालिकांसाठी त्याची तिथली वर्गणी घेणं हा सरळ रस्ता आहे. भारतातलं खातं तिथे उघडलं तरी त्या देशाचा संग्रह दिसतो, आणि काही ॲप मुळीच चालत नाहीत. व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं ॲपला भासवणारी सोय, बहुतेक कंपन्यांच्या अटींविरुद्ध आहे. ॲप व्हीपीएनचे पत्ते ओळखून अडवतात आणि आज चाललेलं उद्या बंद पडतं, म्हणून त्याच्या भरवशावर वर्षाचे पैसे भरू नका. सुट्टीत भारतात आलात तर उलटं होतं. तुमच्या अमेरिकेतल्या नेटफ्लिक्स खात्यावर भारताचा संग्रह दिसेल. तेव्हा तिथे न मिळणारे मराठी चित्रपट शोधून पाहून घ्या. उतरवून परत नेलेत तर ते तिकडे उघडतीलच असं नाही.